लग्नाच्या मिस्सेत इफिसकरांसचं वाचन: ठेवायचं की वगळायचं?

गासकर_मामा

भाचीचं लग्न जानेवारीत आहे, चर्चमधल्या मिस्सेत (म्हणजे कॅथलिक उपासनाविधीत). फादरांनी नवरा-नवरीच्या हातात वाचनांची यादी दिली आणि दोघं मिळून ठरवून या म्हणाले. पहिलं वाचन लगेच ठरलं, तोबिया आणि साराची लग्नाच्या रात्रीची प्रार्थना. शुभवर्तमान काना गावच्या लग्नाचं, त्यावरही कुणाचं दुमत नाही. घोडं अडलंय दुसऱ्या वाचनावर. होणाऱ्या सासूबाईंना बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्यायच हवा, कारण त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात तो वाचला गेलाय. भाची म्हणते, "स्त्रियांनी पतीच्या अधीन असावं हे माझ्याच लग्नात माईकवरून वाचलं जाणार असेल, तर मी वेदीसमोर कसल्या तोंडाने बसू? ऑफिसातल्या सगळ्या मैत्रिणी येणार आहेत."

दोन्ही घरांनी मामा म्हणून मला मध्ये घातलंय. मामा म्हणजे काय, अंगठ्यांची डबी सांभाळा आणि भांडणं मिटवा.

माझं मत आधीच सांगतो. वाचन ठेवावं आणि पूर्ण ठेवावं. विवाहविधीच्या वाचनांत या उताऱ्याचे दोन पर्याय आहेत. मोठा २१व्या वचनापासून ३३व्यापर्यंत जातो, छोटा २५ ते ३२. बरेच जण छोटा घेतात, म्हणजे वादच नको. पण छोट्यात बायकांचं वचन जातं तसं २१वंही जातं, आणि पुढचं सगळं त्या २१व्यावर उभं आहे. पौल तिथे म्हणतो की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. मग बायकोला तो तीन वचनं सांगतो आणि नवऱ्याला त्याच्या जवळजवळ तिप्पट. नवऱ्याला काय सांगतो? ख्रिस्ताने मंडळीसाठी (म्हणजे चर्चसाठी, श्रद्धावंतांच्या समुदायासाठी) स्वतःला दिलं तसं तू दे. ते देणं कुठे झालं हे आपल्याला माहीत आहे. क्रुसावर झालं.

शिवाय काळ बघा. रोमी कायद्यात घरच्या कर्त्या पुरुषाचा शब्द शेवटचा होता. बायकांनी ऐकून राहावं हे त्या काळच्या इफिसमध्ये कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती, ते चालूच होतं. नवऱ्याने बायकोसाठी जीव द्यायला तयार असावं, हे मात्र ऐकणाऱ्यांना नवीन असणार.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्याकडे लग्नात काय वाचतात? आणि ख्रिस्त नवरा, मंडळी नवरी ही उपमा आजच्या जोडप्यांना पेलते का?


एडिसनकर

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या लग्नात १ करिंथ १३ होतं, प्रीती सहनशील आहे, दयाळू आहे वगैरे. कुणी भांडलं नाही. आता कळतंय की आम्ही सोपा पेपर निवडला होता.


नगरची_माई

सलाम सर्वांना. मी पाळकाची मुलगी, प्रॉटेस्टंट. आमच्याकडे वाचनाची यादी वगैरे नसते, पाळकसाहेब उपदेशात हा अध्याय घेतातच. माझे वडील लग्नाआधी जोडप्याला घरी बोलावत आणि नवऱ्यासाठीची वचनं नवऱ्याकडूनच मोठ्याने वाचून घेत. बायकोची वचनं वाचायची वेळ आली की चहा यायचा. हे मुद्दाम होतं की आईचं टायमिंग, देव जाणे.

उपमा पेलते का, याला माझ्याकडे एक नगरचंच उदाहरण आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई. हे जोडपं इथे बहुतेकांना ठाऊक असेल, पण लोक फुलामुलांचे कवी आणि विनोदी बाई एवढंच लक्षात ठेवतात. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना तो घाला वाटला. त्या नातेवाइकांकडे राहिल्या आणि काही वर्षं हे दोघं वेगळे होते. आता यातला फारसा कुणी न बोललेला भाग. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. एतद्देशीय माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने त्याचा जोडीदार त्याला सोडून गेला, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत असे आणि दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे होत. म्हणजे टिळकांपुढे कायद्याने वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. पत्रं लिहिली, भेटी घेतल्या, वाट पाहिली.

पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्या घरी आल्या त्या सोवळंओवळं घेऊनच. एका छपराखाली त्यांचा स्वयंपाक वेगळा. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. बाईंनी स्वतःच विचार करून आधी जातपात टाकली आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. वाट पाहणं, बळजबरी न करणं आणि दार बंद न करणं, देवाची विश्वासूता म्हणजे काय हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा यात जास्त कळतं.

ते काही आदर्श जोडपं नव्हतं, हेही सांगते. टिळक तापट आणि घरात होतं नव्हतं ते वाटून टाकणारे. संसार कसा चालवायचा ही चिंता लक्ष्मीबाईंची. त्यांनी नवऱ्याला लेखी जितक्या कोपरखळ्या मारल्या आहेत तितक्या मराठीत दुसऱ्या कुठल्या बायकोने मारल्या असतील असं वाटत नाही. अधीन म्हणाल तर त्या माझ्या मते कधीच नव्हत्या.


नास्तिक_नामा

माई, लेख सुंदर. पण एक खडा टाकतो. टिळकांनी वाट पाहिली हे खरं, पण धर्म बदलताना बायकोला विचारलं होतं का? वियोग घडवला कुणी? मग वाट पाहण्याचं श्रेयही त्यांनाच?

आणि मूळ उपमेबद्दल. जुन्या काळी नवरा हा बायकोचा धनी होता, म्हणून देवाला नवरा केलं. देवाकडून नवऱ्याकडे काही आलेलं नाही, नवऱ्याची मिजास वर चढवून तिला देव म्हटलंय. मग तोच देव खाली उतरून नवऱ्याला सांगतो की तू माझ्यासारखा आहेस. चांगलं वर्तुळ आहे.


नगरची_माई

नामा, पहिला मुद्दा मान्य. लक्ष्मीबाईंनी स्वतःही तो माफ केलेला दिसत नाही. दुसरा अर्धाच मान्य. शास्त्रात देवाला नवराच म्हटलंय असं नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात तो आईसारखा सांत्वन करतो आणि आई एक वेळ बाळाला विसरेल पण मी विसरणार नाही असं म्हणतो. टिळकांनी तर ख्रिस्तालाच माउली म्हटलं, कारण ते ज्या मातीत वाढले तिथे विठोबा माउली होता. नवरा ही अनेक प्रतिमांपैकी एक. तीच एक धरून बसलं की तुम्ही म्हणता तसं होतं.


शंकासुर_२

मी हिंदू, कुतूहलाने वाचतोय. बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. ख्रिश्चनांत घटस्फोट नसतोच ना? मग ही देवाच्या प्रेमाची उपमा म्हणजे मुळात सुटकेला जागा नाही हे गोड शब्दांत सांगणंच झालं की.


कज्जेदलाल

शंकासुर, बाळबोध नाही, फॅमिली कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकतो हा प्रश्न. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, देशाचा कायदा आणि चर्चचा कायदा.

देशाच्या कायद्यात ख्रिस्ती लोकांना घटस्फोट १८६९पासून आहे. लग्नाचा कायदा त्यानंतर आला, १८७२चा. पण १८६९च्या कायद्यात गंमत बघा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसता मारतो म्हणून तिला घटस्फोट मिळत नव्हता. जिल्हा न्यायालयाने दिला तरी उच्च न्यायालयाची मोहोर लागे. हे इंग्रजांच्या मायदेशी कधीच बदललं, आपल्याकडे शतक उलटून गेलं तरी चालू. १९९७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१मध्ये संसदेने कायदा बदलला. आता कारणं दोघांना सारखी, क्रौर्य हे एकटंही पुरेसं, आणि परस्परसंमतीचं कलम १०-अ आलं. त्यात आधी दोन वर्षं वेगळं राहिलेलं असावं असं लिहिलंय. केरळ उच्च न्यायालयाने २०१०मध्ये ते एका वर्षावर आणलं, कारण बाकीच्या धर्मांना एकच वर्ष होतं.

चर्चचं वेगळं. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. तिथे विवाह रद्दबातल ठरतो, म्हणजे तो विवाह मुळात झालाच नव्हता असा निर्णय धर्मप्रांताचं विवाह न्यायालय देतं. फसवणूक, दडपण, संमती देण्याची मानसिक कुवतच नसणं अशी कारणं असतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये ही प्रक्रिया बरीच सुटसुटीत केली. आधी दोन निकाल जुळावे लागत, आता एक पुरतो.

आणि सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐका: चर्चने रद्द ठरवलेलं लग्न सरकार दरबारी चालूच असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. चर्चचा कागद घेऊन दुसरं लग्न केलं तर द्विभार्या होते. असे अशील माझ्याकडे आलेले आहेत, फी भरून रडायला.


शंकासुर_२

धन्यवाद. हे अजिबात माहीत नव्हतं.


ओसरी

एरवी फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

माझा नवरा मारायचा. घरी कळलं, मग मंडळीत कळलं. मंडळीतले एक वडीलधारे घरी आले, प्रार्थना केली आणि मला होशेयाची गोष्ट सांगितली. होशेय संदेष्टा, त्याची बायको गोमेर त्याला सोडून दुसऱ्यांकडे गेली. तरी देवाने सांगितलं म्हणून त्याने पंधरा शेकेल रुपं (चांदी) आणि वर काही माप सातू मोजून तिला परत आणलं. इस्राएलने देवाला टाकलं तरी देव तिला टाकत नाही, हे दाखवायला. म्हणून बाई, तुम्हीही क्षमा करा, थांबा.

मी थांबले. नंतर कधीतरी मी चहाला जास्त वेळ लावला म्हणून मार पडला, तेव्हा तेच गृहस्थ इफिसकरांस पत्र घेऊन आले. नवरा हा ख्रिस्तासारखा मस्तक आहे म्हणे.

त्या दिवशी मला हिशेब कळला. मार खाताना मी होशेय आणि हुकूम ऐकताना तो ख्रिस्त. म्हणजे देवाचं सोसणं माझ्या वाट्याला आणि देवाचा मान त्याच्या वाट्याला. एकाच लग्नात दोन पुस्तकं अशी वाटून घेतली होती, आणि वाटणारा पुरुष होता.

मी आता वेगळी राहते, नोकरी करते, देवळात जाते. देवावर राग नाही. भाचीला माझ्याकडून सांगा की वाचन काय ठेवायचं ते ठेव, पण आपल्या लग्नात ख्रिस्ताच्या खुर्चीत कोणी माणूस बसवू नको. ती खुर्ची रिकामी राहू दे. दोघांनीही समोर बसायचं.


गासकर_मामा

ओसरीताई, तुमची पोस्ट भाचीला जशीच्या तशी पाठवली आहे. तुमची हरकत असेल तर सांगा.


ओसरी

हरकत नाही.


निर्मळ_तळ्याकाठी

ओसरी, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते कॅथलिक शिकवणीतही बसत नाही. मी आणि माझे मिस्टर आमच्या पॅरिशच्या विवाहपूर्व शिबिरात जोडप्यांशी बोलायला जातो, त्यामुळे हे विषय वारंवार येतात. चर्चच्या कायद्यातलं ११५३वं कलम सरळ आहे. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याला कायदेशीर कारण आहे, आणि उशीर धोक्याचा असेल तर बिशपांच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःहून निघता येतं. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६च्या कुटुंबावरच्या पत्रात तर असं आहे की दुबळ्या जोडीदाराला आणि मुलांना हिंसेपासून वाचवायला वेगळं होणं कधीकधी नैतिक कर्तव्यच ठरतं. शिबिरात आम्ही हे वाचून दाखवलं की मागच्या बाकावरच्या आया चुळबुळ करतात. लग्नाआधी असं अभद्र कशाला, म्हणतात.

त्याच पत्राचा १२२वा परिच्छेद मामांच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. ख्रिस्त आणि मंडळी यांच्यातलं ऐक्य तंतोतंत उतरवून दाखवायचं प्रचंड ओझं दोन मर्यादित माणसांवर लादायची गरज नाही, कारण लग्न ही एक घडत जाणारी गोष्ट आहे, असा त्याचा आशय. मला हे वाचून हुश्श झालं होतं. आमच्या लग्नात फादरांनी इतकं उंच प्रवचन दिलं होतं की पहिल्या भांडणानंतर आपण संस्कारच बाद केला की काय असं वाटलं.

होशेयाबद्दल थोडं. त्या गोष्टीत जो क्षमा करतो त्याच्याच हातात सगळी ताकद आहे. नवरा तो, पैसे मोजणारा तो, घर त्याचं. बळी पडलेल्या माणसाने मारणाऱ्याकडे परत जावं असं ती गोष्ट सांगत नाही. आणि दुसऱ्या अध्यायात बायकोला उघडं पाडीन वगैरे भाषा आहे, ती मला आजही वाचवत नाही. ती भाषा रागावलेल्या नवऱ्याची आहे, आणि देवाचं प्रेम सांगायला तिचा वापर झालाय. अवघड आहे. सोपं करून सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहिलेलं बरं.

दुसरं असं की आपल्याकडे लग्न फादर लावतात असं आपण म्हणतो, पण लॅटिन म्हणजे पश्चिमेकडच्या, रोमच्या विधीच्या शिकवणीप्रमाणे हा संस्कार नवरा-नवरी एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने धर्मगुरू आणि दोन साक्षीदार सक्तीचे केले, त्याआधी दोघांनी गुपचूप दिलेल्या वचनावरही लग्न लागलेलं मानत. देणारे दोघं आणि घेणारेही दोघं. यात वरचा-खालचा कुठून काढायचा?


कल्याणची_चेची

आमच्याकडे थोडं वेगळं आहे. मी मराठी, सासर मल्याळी, सिरो-मलबार म्हणजे केरळमधल्या पूर्वेकडच्या परंपरेचे कॅथलिक. पूर्वेकडच्या मंडळ्यांत धर्मगुरूच्या आशीर्वादाला जास्त वजन. मला मिन्नू बांधला, छोटं पदक, त्यावर इवल्या मण्यांचा क्रूस. ज्या दोऱ्यात तो ओवतात तो मंत्रकोडीच्या म्हणजे नवऱ्याने दिलेल्या साडीच्या धाग्यांचा. लग्नानंतर मी ती साडी नेसले तेव्हा सासूबाईंनी धागे कुठून काढले ते बोटाने दाखवलं. मला उपमा-बिपमा काही कळलं नव्हतं, ते बोट लक्षात राहिलं.


पाववाला

अवांतर: पण मग मराठी ख्रिश्चन बायका मंगळसूत्र घालतात ते चालतं का? हळद? माझ्या मेहुणीच्या लग्नात हळदीवरून पाळकांनी


संपादक

हळद, मंगळसूत्र, लाल की पांढरी साडी यावर वेगळा धागा आहे आणि तिथे पुरेशी धुळवड झालेली आहे. पाववाला यांचा उरलेला प्रतिसाद आणि त्यावरचे सगळे उपप्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे विषयावर राहावं.


साष्टीकार

संपादकांचा मान ठेवून फक्त कायद्याचं बोलतो. गोव्यात आमचं लग्न आधी सरकारच्या वहीत. सिव्हिल रजिस्ट्रारकडून दाखला घेतल्याशिवाय पाद्री हात लावत नाही. आणि वेगळा करार केला नसेल तर लग्न लागलं की मालमत्ता दोघांची समाईक होते. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. पोर्तुगीज गेले, पण ही सही ठेवून गेले. माझ्या काकाने एकदा दारूच्या भरात शेत विकायला काढलं होतं. काकीने सही केली नाही, शेत वाचलं, लग्नही टिकलं. एकमेकांच्या अधीन असणं म्हणतात ते मला तरी एवढंच कळतं, आणि ते स्टॅम्पपेपरवर आहे.


कज्जेदलाल

साष्टीकार, हे महाराष्ट्रात कुणाला सांगू नका, माझं अर्धं काम जाईल.


मिरजेचे_मास्तर

तुम्ही सगळी तरुण माणसं. माझ्याही दोन ओळी.

आमच्या लग्नात कुठलं वाचन होतं ते आठवत नाही. शपथ आठवते, कारण ती पाठ करायला लागली होती. सुखात दुःखात, आजारात आरोग्यात, मरणाने ताटातूट होईपर्यंत. माझ्या बायकोला स्मृतिभ्रंश आहे. ती मला कधी तिचा भाऊ समजते, कधी गवंडी. गवंडी समजते त्या दिवशी माझ्या कामावर लक्ष ठेवून असते आणि मजुरी कापायची धमकी देते. मी म्हणतो, बाईसाहेब, भिंत सरळ आहे, ओळंबा लावून बघा.

लोक म्हणतात तुमचं प्रेम केवढं. मला प्रेमाचं सांगता येत नाही. सकाळी अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, दुपारी झोपली की बँकेत जाऊन यायचं. पण नामा यांनी उपमेवर टीका केली ती वाचून एक मनात आलं. सगळे नवऱ्याचा मान आणि बायकोचं ऐकणं यावरच बोलतात. त्या अध्यायात नवऱ्याने बायकोला आपल्याच देहासारखं पोसावं, जपावं असंही आहे. ते मी तरुणपणी शंभर वेळा ऐकलं असेल. पगार घरी आणतो म्हणजे पोसतोच की, असं वाटायचं. भरवायची वेळ आली तेव्हा कळलं की पौल पगाराबद्दल बोलत नव्हता.

आणि हे सगळं परत काही मिळेल म्हणून नाही. तिला माझं नावच माहीत नाही. शपथेत तशी अट नव्हती.


नास्तिक_नामा

मास्तर, तुम्हाला नमस्कार. वाद मागे घेत नाही, पण तुमच्याशी घालत नाही.


ओसरी

मास्तर, तुमची बायको भाग्यवान. एवढंच म्हणते की ही शपथ दोन्ही बाजूंनी असते म्हणून ती तुमच्या तोंडी शोभते. माझ्या घरी एकाच बाजूने होती.


मिरजेचे_मास्तर

पोरी, अगदी खरं आहे. जो मारतो त्याने शपथ आधीच मोडलेली असते. तू निघालीस ती मोडलेल्या घरातून निघालीस. तुला जे होशेय सांगायला आले, त्यांनी आधी तुझ्या नवऱ्याला अन्याय करणाऱ्यांवर कडाडणारा आमोस संदेष्टा वाचून दाखवायला हवा होता.


निर्मळ_तळ्याकाठी

मास्तर +१. मलाखी संदेष्ट्याचं पुस्तकसुद्धा चाललं असतं. बायकोला टाकून विश्वासघात करणाऱ्या नवऱ्यांची अर्पणं देव स्वीकारत नाही, असं तिथे आहे. तो अध्याय घटस्फोटाविरुद्ध म्हणून नेहमी ऐकवतात, पण त्यात ओरडा नवऱ्यांनाच बसलाय.


गासकर_मामा

मंडळी, निकाल लागला.

काल रात्री भाची, होणारे जावई, सासूबाई, सासरे आणि मी असे आमच्या ओट्यावर बसलो. हा धागा फोनवरून मोठ्याने वाचला. (संपादकांनी हलवलेला हळदीचा भागही सासूबाईंनी वाचायला लावला.) ओसरीताईंचा प्रतिसाद आला तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या. पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, माझ्या थोरल्या बहिणीला असंच ऐकवलं होतं. यापुढचं त्या बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मग भाचीनेच तोडगा काढला. वाचन ठेवायचं, मोठं ठेवायचं, २१व्या वचनापासून. वाचणार सासरे. तिचं म्हणणं असं की नवऱ्यांना जे सांगायचंय ते एका नवऱ्यानेच मंडळीसमोर उभं राहून वाचावं. सासऱ्यांनी आयुष्यात माईक धरलेला नाही. कोणी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "वाचतील. मी रोज सराव घेईन." जावई बिचारा मान खाली घालून हसत होता.

फादरांनाही विनंती केली आहे की प्रवचनात अधीन हा शब्द आला तर एकमेकांच्या हाही यावा. ते म्हणाले, वीस मिनिटं बोलू का? आम्ही एकमताने सात म्हटलं.


एडिसनकर

सासऱ्यांचा व्हिडिओ टाका. इथे आमच्या ग्रुपवर फिरवतो.


कज्जेदलाल

अभिनंदन. जाता जाता फुकट सल्ला. १८७२च्या कायद्याच्या दहाव्या कलमाप्रमाणे ख्रिस्ती लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यातच लागलं पाहिजे. बिशपांचा परवाना असलेल्या कॅथलिक धर्मगुरूंना सूट आहे, पण वसईच्या वरातींचा उशीर पाहता फादरांना आधी विचारून घ्या.


गासकर_मामा

मिस्सा साडेचारला आहे, म्हणजे कायद्यात बसतो. अडचण बँडची आहे. आमचे नेहमीचे बँडवाले म्हणतात सहाच्या आधी जमणार नाही, त्या दिवशी अर्नाळ्यालाही लग्न आहे. विरार-नालासोपारा पट्ट्यात कुणाच्या ओळखीचा बरा ब्रास बँड असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जुनी गाणी वाजवणारा हवा, सासूबाईंची अट आहे.